मावशीने दुपारी तपासलेल्या काचा

माझी मावशी बावीस वर्षं लहान मुलांची शी तपासत होती. हे ती पाहुण्यांना मुद्दाम जेवतानाच सांगायची. त्यांचा घास हातात तसाच राहिला की तिला मजा वाटायची.

तिच्या प्रयोगशाळेत एक मोठा अभ्यास चालला होता. सहाशे मुलं, वय वर्षं दोन ते दहा. सगळ्यांना जंतांचं औषध द्यायचं आणि मग पाहत राहायचं, की पुन्हा जंत कुणाला होतात आणि कुणाला नाही. एकाच अंगणात खेळणाऱ्या दोन बहिणी. एकीच्या पोटात दर वेळी जंत, दुसरीचं पोट साफ. दुसरीच्या रक्तात असं काय आहे, हे अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाई शोधत होत्या. पण आधी कुणाच्या पोटात किती, ते मावशी सांगायची. काचेवर चिमूटभर नमुना, त्यावर ग्लिसरीनमध्ये भिजवलेला पारदर्शक कागद, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजायची. तिच्या आकड्याला कधी कुणी हात लावला नव्हता.

मग प्रयोगशाळेत एक नवी मुलगी कामाला आली. मावशीनेच तिला तीन महिने शिकवलं. मावशीला पाहून आईच्या मागे लपणारी मुलं नवीपुढे रक्त द्यायला आपणहून दंड उघडा करायची, हे मावशीने कसंबसं गिळलं. पण एका बैठकीत नवी म्हणाली, "ज्यांना लहानपणी थोडे थोडे जंत होऊन गेलेत, त्यांना पुढे कमी होतात असं वाटतंय. जुने आकडे लावून बघू या?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे आजवर कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

मावशीच्या आलं होतं. चार वर्षांपूर्वी. वहीत खुणाही केल्या होत्या. पण आपण मोजणाऱ्या, आपल्याला कोण विचारतंय, म्हणून ती गप्प बसली होती.

त्या दिवसापासून मावशीच्या पोटात दुखायला लागलं, तेही जंतांशिवाय. माझ्या आईला फोन करून ती नवीच्या चपलांपासून हसण्यापर्यंत सगळ्याला नावं ठेवायची.

एका दुपारी नवी नमुने आणायला शाळेत गेली होती. मावशीने तिच्या सकाळच्या काचा काढून पुन्हा तपासल्या. चार काचांवर नवीने अंकुशकृमी या जंताची अंडी लिहिली होती, मावशीला एकही दिसेना. तिला मनातून बरंच वाटलं. ट्रे उचलून ती तडक डॉक्टरबाईंकडे गेली. "ही पोरगी आकडे मनाने लिहिते."

नवी परतल्यावर डॉक्टरबाईंनी तिला बोलावून विचारलं, "काचा कधी लावल्यास?"

"साडेनऊला. दहाच्या आत मोजल्या."

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. ते पाहिलं आणि मावशीने ट्रे हळूच आपल्याकडे ओढून घेतला. अंकुशकृमीची अंडी ग्लिसरीनमध्ये तासाभरात विरून जातात, मग काच कोरी दिसते. याच चुकीसाठी तिने कितीजणांना फैलावर घेतलं होतं.

नवीचे कान लाल झाले होते, पण मावशीकडे वळून ती एवढंच म्हणाली, "मॅडम, नमुने फ्रीजमध्ये आहेत. नव्याने लावते, तुम्ही शेजारी बसा."

"नको," मावशी म्हणाली. "माझंच चुकलं. हे मीच तुला शिकवलंय."

आईने नंतर विचारलं, "मग जळणं थांबलं का, ताई?"

"छे गं! ओरडली असती तर बरं झालं असतं. 'शेजारी बसा' म्हणाली, ते फार झोंबलं."

आठवडाभराने मावशीने आपली जुनी वही नवीच्या टेबलावर आदळली. उदार झाली म्हणून नव्हे; आपल्याशिवाय यातून काही निघालं तर सहन होणार नाही, हे तिला कळलं होतं. दोघी वर्षभर शेजारी बसून आकडे लावत होत्या, बोलत होत्या कामापुरतंच. रक्ताच्या तपासण्यांत काही मुलांच्या बाबतीत दोघींचं म्हणणं खरं ठरलं, काहींच्या बाबतीत नाही. पूर्ण उत्तर अजून कुणाकडेच नाही. तरी जेवढं सापडलं तेवढं छापून आलं, दोघींच्या नावांसह. नवीचं नाव आधी.

मावशी आता निवृत्त आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते पान दाखवते. दाखवताना तिचा अंगठा बरोबर पहिल्या नावावर असतो.