उतारावरचे दोनशे पंचावन्न मीटर

मी जाड टायरची, सरळ हँडलची, बिनागिअरची सायकल घेतली तेव्हा माझं वय त्रेचाळीस होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं होती. कचेरीत सगळ्यांना वाटत होतं की मी स्कूटर घेणार. दुकानदारानेही विचारलं, "काका, मुलाला बारावीत चांगले मार्क पडले वाटतं?" मी म्हटलं, "माझ्यासाठीच हवी आहे." त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सीट चार बोटं खाली घेतली.

दुकानात तिला माउंटन बाइक म्हणत. डोंगर चढायला गिअर लागतात, आणि ते हिला नव्हते. पुढे चव्वेचाळीस दातांचं चाक, मागे अठरा दातांचं फ्रीव्हील आणि मधे एक चेन, एवढाच कारभार. हे दात मी दुकानातच मोजले. घरी आल्यावर मागच्या टायरवर खडूची खूण केली, स्वतः सीटवर बसलो, बायकोला सायकल धरायला लावली आणि अंगणात चाक एकदा पूर्ण फिरवलं. दोन मीटर चार सेंटिमीटर. त्यावरून पायडलच्या एका फेरीत सायकल किती जाते ते काढलं. ते पाच मीटरला एक सेंटिमीटर कमी भरलं.

बायको म्हणाली, "अहो, एवढं मोजलंत, पण हिला कॅरिअर नाही हे पाहिलंत का? भाजीची पिशवी कुठे अडकवणार?"

ते मी पाहिलं नव्हतं. मडगार्डही नव्हतं. पावसाळ्यात नवीन पनवेलच्या रस्त्यांवरून गेलं की मागच्या चाकाचा चिखल शर्टावर मानेपर्यंत उडायचा. कचेरीत माझ्या पाठीवरच्या पट्ट्यावरून लोक सांगत, आज सेक्टरातून आलात की हायवेने. शर्ट बायको धूत असे, त्यामुळे या बाबतीत मी फारसं बोलत नसे. शेवटी पत्र्याचं मडगार्ड बसवून घेतलं. ते खडखड करायचं, पण घरातली बोलणी थांबली.

सायकल जडही होती. सपाट रस्त्यावर काळ्या साध्या सायकलवरचा दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून मला मागे टाकायचा आणि जाताना म्हणायचा, "काका, हवा भरा." हवा भरलेलीच असायची. जाड टायर डांबराला चिकटल्यासारखे चालायचे, आणि पाय कितीही भराभर मारले तरी एका मर्यादेपलीकडे वेग वाढत नसे. खाडीकडून समोरचा वारा असला तर ती मर्यादाही गाठता येत नसे.

तरीही मला ती सायकल आवडे. आमच्या सेक्टरात तेव्हा अर्धे रस्ते खडी टाकून तसेच सोडलेले होते. ज्या खडीवर दूधवाला उतरून चालायचा, तिथून मी बसून जात असे. बिघडण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. चेनला तेल घातलं की महिनाभर आवाज नाही. आणि माझ्यासारख्या माणसाला सर्वांत मोठं सुख म्हणजे, गिअर नसल्यामुळे एक फेरी म्हणजे नेहमी तेवढंच अंतर. मी पाय मोजत जायचो. घर ते कचेरी, घर ते बाजार, स्टेशन ते तलाव, सगळी अंतरं माझ्या वहीत होती. रुळांवरच्या पुलाचा उतार मात्र मोजत नसे. तिथे पाय थांबवून वारा खायचा, आणि उताराचं अंतर चढाएवढंच धरायचं.

मी एका सरकारी कचेरीत शाळांच्या कागदपत्रांच्या टेबलावर होतो. माझ्या मोजण्याची तिथे थट्टा होई, पण आकडा अडला की लोक माझ्याकडेच येत. साहेबही.

तर एकदा डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीचा अर्ज आला. वाडीत स्वतंत्र शाळा हवी होती. जवळची शाळा खालच्या गावात. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दीड किलोमीटरच्या आत शाळा असेल तर दुसरी मिळत नसे. अर्जात अंतर दोन किलोमीटर लिहिलं होतं. खालच्या गावाचं म्हणणं, सव्वा किलोमीटर. वाट पायवाटेची, जीप जात नव्हती. साहेब म्हणाले, "तुमची सायकल जाईल. बघून या. तुमचा आकडा आला की वाद मिटला."

अर्जात एकोणतीस मुलांची नावं होती. त्यांतली गावच्या शाळेच्या पटावर फक्त सहा. वाडीतल्या कोणाच्याच मालकीची जमीन नव्हती. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जात आणि पोरंही सोबत जात. शाळा दारात असेल तर निदान म्हाताऱ्यांजवळ पोरं ठेवता येतील, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी सकाळी कोन गावावरून पुढे गेलो आणि गावातल्या शाळेपासून वाडीची वाट धरली. सुरुवातीचा भाग बसून जाण्यासारखा होता. ओढ्यानंतर चढ लागला आणि मला उतरावं लागलं. बिनागिअरची सायकल चढावर एका ठरावीक ठिकाणी थांबते, तिथे तुमच्या इच्छेचा काही उपयोग नसतो. उतरून ढकलायचं तर पायडलच्या फेऱ्या मोजता येणार नाहीत. म्हणून मी मला शहाणपणाचा वाटलेला निर्णय घेतला. वाडीपर्यंत सायकल ढकलत नेली आणि परत येताना, उतारावरून, मोजलं. पाय एकदाही थांबवले नाहीत. दोनशे एक्क्याऐंशी फेऱ्या झाल्या. चौदाशे एक मीटर. नियमाला नव्व्याण्णव मीटर कमी.

मला वाईट वाटलं, पण आकडा तो आकडा. मी नोंद लिहिली, साहेबांनी सही केली.

आठवड्याने त्या वाडीतली एक बाई कचेरीत आली. पस्तिशीची असेल. ग्रामसेवकांनी तिला आमच्या नोंदीची प्रत वाचून दाखवली होती. माझ्या टेबलासमोर उभी राहून ती म्हणाली, "साएब, चवदाशे मीटर लिवलंत. तुमी शिकलेली मानसं, आमी खोटं नाय म्हनत. पन तुमी उतरताना मोजलंत."

"अंतर चढताना आणि उतरताना तेवढंच असतं, बाई."

"आसंल. मग चढताना मोजायला काय झालं व्हतं?"

"चढावर सायकलवरून उतरावं लागतं."

ती म्हणाली, "म्हंजी सायकल नाय चढत, आन सा वर्साच्या पोरीनं चढायचं."

शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला. मी तिला नियम समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला आणि जाताना म्हणाली, "गावच्या साळंची घंटा आमाला ऐकू येत नाय. एवढी जवळ आसती तर आली आसती."

घंटेच्या आवाजावरून अंतर ठरत नाही, हे मी सहकाऱ्याला म्हटलंही. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मी बेचैन होतो. रुळांवरच्या पुलाचा चढ चढताना सवयीप्रमाणे मोजलं, शेहेचाळीस. वर पोचलो आणि काय वाटलं कोण जाणे, सायकल वळवली आणि त्याच बाजूने खाली आलो, पाय न थांबवता, वाडीच्या उतारावर फिरवले होते तसेच. तेहतीस.

पुन्हा वर गेलो. शेहेचाळीस. पुन्हा खाली. चौतीस. तिसऱ्यांदा खाली येताना मी पायांकडे लक्ष दिलं. ते फिरत होते, पण त्यांना भार लागत नव्हता. चाक पायांच्या पुढे पळत होतं आणि फ्रीव्हील टिकटिक करत होतं. उतारावर या सायकलवर पाय कितीही चालवा, चाक त्यांच्या आधी निघून जातं. हे मला सायकल घेतल्याच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. पाय एका मर्यादेपलीकडे भराभर फिरत नाहीत, हे तर सपाटीवर दूधवालाही मला दाखवत आला होता. पण वाडीच्या वाटेवर, मडगार्डच्या खडखडाटात ती टिकटिक ऐकू आली नाही, आणि मी फिरणाऱ्या पायांना अंतर समजलो.

पुलाखाली शेंगा विकणारा बराच वेळ बघत होता. त्याने विचारलं, "काका, काय पडलं का तुमचं?"

"तेरा फेऱ्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमचा आकडा चुकला? तुमचा?"

"हो. कागद वर गेला का?"

"आजच्या टपालात आहे." त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, नुसतं चुकलं म्हणून चालणार नाही. चूक कशी झाली ते लेखी द्यावं लागेल. नाहीतर खालच्या गावातले म्हणतील, वाडीवाल्यांनी कोंबडी कापली आणि कारकुनाचा आकडा वाढला."

"लेखी देतो. पण आधी पुन्हा मोजून येतो."

"आणि पुन्हा चौदाशेच भरले तर?"

"तर तेही लिहून देतो."

त्यांनी कागद टपालातून काढून ठेवला.

या वेळी मी पायडलवर विश्वास ठेवला नाही. मागच्या चाकाच्या एका स्पोकला लाल दोरा बांधला आणि सायकल ढकलत नेत चाकाच्याच फेऱ्या मोजायचं ठरवलं. सीटवर माणूस नसला की टायर कमी दबतो, म्हणून परीघ पुन्हा मोजला, तो दोन मीटर सहा सेंटिमीटर भरला. गावातल्या शाळेच्या पायरीपासून निघालो. ती बाई सोबत आली. खालच्या गावचे एक वडीलधारे गृहस्थही शाळेपर्यंत आले होते. त्यांनी पायरीवर चाक नीट टेकलं आहे ना ते पाहिलं, आणि चढाकडे बघून म्हणाले, "तुमी जा. माजे गुडघे नाय ऐकत." अंतर सव्वाच किलोमीटर असल्याचं त्यांनीच लिहून दिलं होतं.

बाई म्हणाली, "मी बी मोजते."

"आठशेच्या आसपास जाईल. जमेल?"

"विसावर मोजायचं. वीस झालं की एक खडा." तिने पदराचं टोक खोचून त्याची झोळी केली.

दोरा जमिनीकडे आला की मी मनात आकडा म्हणत होतो, ती ओठांत. वीस झाले की ती वाकून खडा उचलायची आणि झोळीत टाकायची. ओढ्यापर्यंत आम्ही बरोबरीने होतो. चढावर मला धाप लागली. अठरा किलोची सायकल ढकलत, चाकावर डोळे ठेवत, आकडा न विसरता चढणं हे चाळिशीनंतर सोपं नाही. एका ठिकाणी मी थांबलो.

"बसा जरा," ती म्हणाली. "चाक थांबलंय, मोजनी बी थांबली. काय नुकसान नाय."

"तुम्ही रोज किती वेळा चढता?"

"पानी आनायचं आसंल तसं. दोनदा, तीनदा." मग म्हणाली, "पोरीला एक दिस खांद्यावर आनली साळंतून. दुसऱ्या दिशी ती गेली नाय, आन मी पन बोलले नाय."

वाडीच्या पहिल्या घराशी पोचलो तेव्हा माझा आकडा आठशे तीन होता. तिने झोळी जमिनीवर रिकामी केली. चाळीस खडे. "चाळीस विसा, आन वर चार."

"माझे तीन."

"तुमी थांबलात तिथं तुमचा एक ऱ्हायला. तुमचं लक्ष धापंत व्हतं."

एका फेरीने निकालात काही फरक पडत नव्हता. पण एकदा चुकलेल्या माणसाने दोन आकड्यांतला कोणता लिहावा? मी सायकल वळवली आणि उतारावरूनही हातात धरून, ब्रेक दाबत, शाळेपर्यंत मोजत नेली. आठशे चार. सोळाशे छप्पन मीटर. माझ्या पहिल्या नोंदीत दोनशे पंचावन्न मीटर हरवले होते.

कचेरीत मी एका पानाचा खुलासा लिहिला. दातांची संख्या, दोन्ही परीघ, पुलावरचे आकडे, सगळं. साहेबांनी तो दोनदा वाचला. "'उतारावर पायडल मोकळे फिरले', हे वर वाचणाऱ्याला कळेल?"

"सायकल चालवली असेल तर कळेल."

"आणि नसेल तर?"

"तर सोळाशे छप्पन कळेल."

त्यांनी सही केली. सहकाऱ्याने मात्र पुढे बरेच दिवस मला कुठलंही अंतर विचारताना "चढाचं सांगा" असं म्हणणं सोडलं नाही, आणि मला त्याचा राग आला नाही.

मंजुरी यायला दहा महिने लागले. त्यात आणखी दोनदा कागद परत आले, पण अंतरावरून नाही. पुढच्या जूनमध्ये वाडीतल्या एका कुडाच्या खोलीत शाळा भरली. त्या हंगामात भट्टीवर किती मुलं गेली ते मला नक्की सांगता येणार नाही. पटावर मात्र पहिल्या महिन्यात चोवीस नावं होती, आणि डिसेंबरात मी हजेरी पाहिली तेव्हा सतरा हजर होती.

नेमणूक झालेले गुरुजी तरुण होते, पनवेलात खोली घेऊन राहणारे. रुजू होण्याआधी माझ्याकडे आले आणि विचारलं, वाडीला जायला बस कुठली. बस नाही, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मी विचारलं, "सायकल येते?"

"येते. पण चढ आहे म्हणतात."

"खालच्या गावच्या शाळेपासून पहिले सातशे मीटर बसून जाल. ओढा लागला की उतरा आणि ढकला, उगाच जोर करू नका. साडेनऊशे मीटर आहेत. सकाळी वीस मिनिटं धरा."

त्यांनी ते खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. मी त्यांना पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितलं.