चुलतभावाच्या दारी न्यायचं मेंढरू

"खानसाहेब, हट्टीपणात तुम्ही आमच्या विदर्भातल्या पाटलांच्याही वरताण. तोंडावर सांगितलं की तुम्ही चहा पुढे करता, म्हणून लिहिते आहे."

एवढं लिहून शोभनाकाकूंनी पेन खाली ठेवलं.

शेरजानखान म्हणजे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा नानवाला. काकू सांता क्लाराहून ड्राइव्ह करून त्याच्याकडे जायच्या. नान हे निमित्त, खरी ओढ गप्पांची; तो त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणायचा. कुणी विचारलं, "अफगाणी की पाकिस्तानी?" तर तो छाती काढून सांगणार, "आफ्रिदी पठाण. त्यातला कंबरखेल." त्याच्या आजोबांना गोरे साहेबही हेच विचारायचे: टोळी कुठली, खेल म्हणजे कूळ कुठलं, बंदुका किती? टोळीने खिंडीची वाट राखली तर तनखा, नाही तर तोफा.

"साहेब गेला आपा, खेल राहिला," म्हणत तो बोलता बोलता गावाकडच्या तिराहच्या डोंगरात शिरायचा. अक्रोडाची झाडं. थंडी पडली की पोरंबाळं, शेळ्यामेंढ्या घेऊन पेशावरच्या बाजूला उतरणारं अख्खं गाव. आणि समोरासमोर दोन बुरूज, एक बापाचा, एक चुलत्याचा. मधल्या पाटाच्या पाण्यावरून दोन्हीकडून गोळ्या सुटायच्या.

"म्हणजे भाऊबंदकी!" काकू म्हणाल्या. "आमच्यात कोर्टात जातात. त्यापेक्षा गोळी परवडली."

त्या चुलत्याचा मुलगा हयातखान सॅक्रामेंटोत राहायचा. तो आणि शेरजान एकाच राज्यात म्हातारे झाले, पण बोलले नाहीत. हयात डायलिसिसवर आहे असं कळलं तेव्हा कुठे शेरजान हलला. त्यांची रीत अशी की वैऱ्याच्या दारात जिवंत मेंढरू न्यायचं, सोबत पिकल्या केसांची बाई. मग त्याला माफी नाकारता येत नाही.

"माझी बायको तर गेली. आपा, तुम्ही याल?"

"येईन की. उद्याच निघू."

"मेंढरू?"

"दुकानातून चांगली तंगडी घेऊ."

"मेलेलं मटण घेऊन माफी मागू? हयात हसेल!"

"हसू दे ना! माणूस मशीनवर आहे, आणि तुम्ही मेंढरं निवडताय."

ऐकेल तर खान कसला. रँचवर पाहिलेलं पहिलं मेंढरू लंगडं निघालं, दुसरं हडकुळं. मनासारखं सापडेपर्यंत हयातखान वारला.

काकू तडक खानाच्या बेकरीत गेल्या. "चला, मयताला तरी जाऊ. गाडी बाहेर उभी आहे."

खान तंदुरापुढे नुसताच उभा होता. हातातला कणकेचा गोळा वाळत चालला होता.

"मयताला वैरीही जातो, आपा. त्याला कुणी अडवत नाही."

"मग निघा की!"

"मला वैरी म्हणून जायचं नव्हतं."

दुपारी तो आपल्या मुलाबरोबर दफनाला गेला. काकूंना नेलं नाही. माफी मागायची असेल तेव्हाच बाई न्यायची असते. काकू घरी येऊन ते पत्र लिहायला बसल्या. खानाने आणि त्यांनी मिळून सॅक्रामेंटोला जायचं होतं, ते राहिलंच.