गाडीचे पाय

गाडी गेटमधून आत वळायच्या आधीच मला तिचा आवाज ऐकू आला. घूंऽऽ. लांबून विमान जावं तसा. मी हातातला पाना खाली ठेवला. आवाज ओळखीचा होता आणि गाडीही ओळखीची होती. तात्यांची पांढरी छोटी गाडी. पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंग गेलेली. तिसऱ्यांदा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कंपनीतली नोकरी सोडून मी बारामतीत इंदापूर रोडला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं होतं. माझं गाव कळस. तिथे माझे वडील भेटेल त्याला सांगत, "पोरानं चांगली नोकरी सोडली आन् हात काळं करत बसलाय." अशा दिवसांत निमगाव केतकीचे तात्या माझ्याकडे आले. डाळिंबाची बाग, डोक्याला फेटा, जुन्या बाजारातून घेतलेली गाडी. काम आवडलं म्हणून त्यांनी गावातल्या बाकीच्यांनाही माझ्याकडे धाडलं. शेडमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांत निम्म्याहून जास्त निमगावच्या. म्हणजे तात्या दुसरीकडे गेले असते तर गॅरेजही गेलं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कड्या आणि त्यांच्यामध्ये गोळ्या. त्या ग्रीसमध्ये बुडालेल्या असतात. अख्खं चाक त्यांच्यावर फिरतं. नीट बसवलेलं बेअरिंग वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. तात्यांचं मात्र काही महिन्यांत घुमायला लागायचं.

पहिल्यांदा मला वाटलं, जुनी गाडी आहे, झिजलं असेल. नवीन टाकलं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा लक्ष गेलं ते डिस्कच्या मागच्या पत्र्याकडे. म्हणजे तो पत्रा नव्हताच तिथे. ब्रेकच्या डिस्कमागे, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीमागे, ताटाएवढा पातळ पत्रा असतो. त्याला डस्ट शील्ड म्हणतात. चिखल, धूळ, पाण्याचे शिंतोडे तो अडवतो. पण वाकला की डिस्कला घासून खरखर करतो, म्हणून काही मेकॅनिक तो सरळ काढून भंगारात टाकतात. आवाज बंद, गिऱ्हाईक खूश. तात्यांच्या गाडीचे दोन्ही पत्रे आधीच्या मालकाकडेच कुणीतरी असे उडवले होते. मी पुण्याहून नवे मागवले. ते बसवायला हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उतरवावाच लागतो, त्यामुळे बेअरिंग आणि पत्रे एकदमच टाकले. बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवलं तर जन्मतःच लंगडं होतं, म्हणून मी ते ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन प्रेसवर, म्हणजे सारखा दाब देणाऱ्या यंत्रावर, बसवून आणलं होतं. आता काळजी मिटली, असं मी तात्यांना छातीठोकपणे सांगितलं.

आणि आता परत घूंऽऽ.

नेमका त्या दिवशी निमगावचाच एक जीपवाला शेडमध्ये बसला होता. तात्या उतरले तसा तो म्हणाला, "तात्या, कशाला हितं येळ घालवताय? ह्याला बेअरिंग बसवाया येत न्हाय, हातोड्यानं ठोकतंय. पुण्याला न्या गाडी."

माझे कान तापले. तिसऱ्यांदा आलेली गाडी समोर उभी होती.

तात्यांनी शांतपणे फेटा काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "पुण्याचा पयल्यापास्नं बघणार. ह्यानं दोनदा बघितलंय. तिसऱ्यांदा ह्यालाच लवकर कळंल."

त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाचा जन्मभर ऋणी आहे. तेव्हा मात्र मी नुसती मान हलवली आणि गाडी जॅकवर घेतली.

बेअरिंग उघडलं आणि चक्रावलो. आतलं ग्रीस दुधाच्या चहासारखं झालं होतं. ग्रीसचा असा रंग एकाच गोष्टीने होतो, पाण्याने. पण पत्रे जागेवर होते, पाणी अडवणारे रबरी सील नवीन होते आणि बाहेर एप्रिलचं ऊन भाजत होतं.

"तात्या, गाडी ओढ्यातनं नेता का?"

"ओढ्याला कुठलं पाणी आलंय ह्या दिसांत?"

"मग धुता कुठं?"

"दारात. बादलीनं. फडक्यानं पुसून घेतो. सुनंला बी हात लावू देत न्हाय."

खोटं बोलणारा माणूस नव्हता. मग पाणी आलं कुठून? मी विचारलं, "गाडी नेहमी कुठं कुठं जाती?"

"बाजार, बाग, आन् शनवारी नरसिंहपूर. दुसरं हाय काय?"

मी नवीन बेअरिंग बसवली आणि म्हणालो, "ह्या शनिवारी मी पण येतो."

शनिवारी निघालो. तात्या चालवत होते, मी शेजारी. मागे अक्का, म्हणजे तात्यांच्या पत्नी. त्यांनी पूर्ण रस्ता पुढच्या सीटला घट्ट धरून ठेवलं होतं. "चाक निघून पडलं म्हंजी रं?" असं त्यांनी मला तीनदा तरी विचारलं. मी तीनदा "न्हाय पडत" म्हणालो. तिसऱ्या वेळी माझाच आवाज बारीक झाला होता. बाकी गाडी गप्प होती. रस्ता नेहमीसारखा, खड्डे नेहमीसारखे. मला काहीच सापडत नव्हतं.

नरसिंहपूर आलं. तिथे भीमा आणि नीरा एकमेकींना मिळतात, आणि काठावर देऊळ आहे. देवळाकडे वळायच्या ऐवजी तात्यांनी गाडी नदीच्या उताराला घातली. ट्रॅक्टर पाण्यात उतरतात ती वाट. उतारावर ब्रेक दाबून दाबून हळूहळू खाली आले आणि पुढची दोन्ही चाकं निम्म्यापर्यंत पाण्यात घालून थांबले. चर्रऽऽ असा आवाज आला. चाकातून थोडी वाफ निघाली.

तात्या उतरले. धोतर खोचलं. आधी उजवं चाक, मग डावं. बैलाचे खूर धुवावेत तशी दोन्ही चाकं हाताने चोळून धुतली. मग स्वतःचे पाय धुतले. मला म्हणाले, "देवाच्या दारात न्यायाची म्हंजी पाय धुवून न्यायाची. तू आत न्हाय आलास तरी चालंल, तुझं तुला, माझं मला. पर पाय धू, लई धूळ बसलीय."

आमच्या घरी बुद्धवंदना. मी देवळात जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि मला अवघड वाटू नये म्हणून ते आधीच बोलून मोकळे झाले होते. मी पाय धुतले.

"तात्या, मागची चाकं?"

"मागल्यांचं ऱ्हाऊ दे. दोन पाय धुतलं की झालं."

म्हणूनच पुढचीच बेअरिंग जात होती! गाडी धुणं वेगळं आणि गाडीचे पाय धुणं वेगळं, त्यामुळे माझ्या प्रश्नाचं उत्तरही त्यांनी खरंच दिलं होतं. कारण सापडल्याचा आनंद मला आभाळाएवढा झाला. पण सांगायचं कसं? ज्या गोष्टीने गाडी बिघडते तीच ते भक्तीने करत होते. त्यातून मी देवळात न जाणारा. तोंडातून शब्द वाकडा गेला असता तर गिऱ्हाईक राहू द्या, माणूसच तुटला असता.

दर्शन घेऊन दोघं परत आले. अक्कांनी माझ्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं. ते खाऊन मी सांगायला लागलो. ब्रेक लावून चाकाचा मधला भाग तापतो. तापला की आतली हवा फुगते. तसाच थंड पाण्यात गेला की हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. पत्रा शिंतोडे अडवतो, नदी अडवत नाही.

तात्या पाण्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "आवं, मामंजी घोडीला असं करू द्यायचं का?"

तात्यांच्या वडिलांची मेंढरं होती. बिऱ्हाड घोडीवर लादून रानोमाळ हिंडायचे. तात्यांनी झटकन वळून अक्कांकडे पाहिलं. मग गाडीपाशी गेले, बॉनेटवर हात ठेवला आणि कपाळाला हात लावला.

"व्हय की गं! चालून आलेल्या घोडीला पाण्यात घालाया गेलो तर बा चाबूक उगारायचा. म्हणायचा, आधी सावलीला बांध, अंग गार हू दे. आन् हिला मी दर शनवारी तापलेलीच घालतोय. मला मेल्याला कळाया नगं व्हतं?"

मग ते इतके हसले की घाटावरची माणसं वळून बघायला लागली. मीही हसलो. छातीवरचं ओझं उतरलं होतं.

त्यानंतर गाडी पाण्यात गेली नाही. नदीच्या वर लिंबाखाली उभी राहायची आणि तात्या टायरच्या रबरावर तांब्याभर पाणी घालायचे. त्याला माझी ना नव्हती. रबराला पाण्याचं काही नसतं आणि पाय धुतल्याचं तात्यांना समाधान. ती बेअरिंग गाडी विकेपर्यंत टिकली. विकताना तात्या नव्या मालकाला घेऊन गॅरेजवर आले आणि माझ्यादेखत त्याला बजावलं, "हिला आधी गार हू द्यायाची, मग पाणी. ह्यो सांगंल तुला का ते." जीपवालाही माझ्याकडेच येत राहिला. हातोड्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

आज माझ्या गॅरेजमध्ये प्रेस आहे. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी खुर्ची आणि चहा, मग गाडी, असा नियम आहे. नवीन पोरांना तो उगीचचा मोठेपणा वाटतो. त्यांना मी एवढंच सांगतो, बेअरिंग गेल्याचं कानाला कळतं. ते का गेलं हे कळायला गिऱ्हाईक परत यावं लागतं.