बेंजोवर बांधलेली चाल

एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून बँडचं नाव ‘गुरुवार’. चौघेही कारखान्यांत नोकरीला. त्यातला गिटारवाला विक्की ओव्हाळ चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्स फिटर आहे आणि भोसरीत आई-वडिलांजवळ राहतो.

या मुलांचं वाजवणं पन्नास वर्षांपूर्वीच्या रॉकच्या वळणाचं आहे. कॉम्प्युटरवर तयार केलेला एकही आवाज ते वापरत नाहीत. जुन्या वाल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, गिटारवर वाजवलेले लांबलचक तुकडे, घसा फाडून गाणं. शब्द मात्र मराठी. असे बँड आता इथे बरेच झाले आहेत. त्यांत ‘गुरुवार’ वेगळा ओळखला जातो तो ‘तिसरी पाळी’ या गाण्यामुळे, आणि ते गाणं ओळखलं जातं गिटारच्या सुरुवातीच्या तुकड्यामुळे. त्याला ही मुलं रिफ म्हणतात. तो एकदा ऐकला की दिवसभर डोक्यातून जात नाही.

तो तुकडा विक्कीचा नाही. त्याच्या वडिलांचा आहे.

ज्योतीराम ओव्हाळ कंपनीतून निवृत्त झाले आहेत. नोकरीत असल्यापासून ते बेंजो पार्टीत वाजवतात. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे तारांचं वाद्य गळ्यात अडकवून, मागे टेम्पोवर भोंगे आणि ढोल घेऊन ही पार्टी वराती आणि मिरवणुका करते. बेंजोवाल्याने लोकांच्या ओळखीची गाणी वाजवायची, असा रिवाज आहे. बेंजोवाला स्वतः चाल बांधतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. ज्योतीरामांनी एक बांधली होती. भीमजयंतीला मिरवणूक निघण्यापूर्वी, विहारासमोर उभं राहून ते ती सलामी म्हणून वाजवायचे. तिला नाव नव्हतं. पुढे डीजेच्या भिंती आल्या, बेंजोला कुणी विचारेना, आणि ती चाल वस्तीच्या कानांतून पुसली गेली. विक्कीच्या कानात राहिली.

एका शेडमध्ये बँडची तालीम चालू असताना त्याने ती सहज गिटारवर, जरा संथ करून वाजवली. गायक दिग्विजय उडालाच. “भावा, हे कुठलं? एकदम सत्तरच्या दशकातलं!”

“सुचलं असंच,” विक्की म्हणाला.

खोटं बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. शाळेत ‘बेंजोवाल्याचं पोरगं’ म्हणून त्याला नाचून दाखवायचे. कंपनीतही एका सुपरवायझरने एकदा “तुमच्याकडे काय, रोजच मिरवणूक” म्हणून हसून घेतलं होतं. ज्यांच्यासोबत तो परदेशी बँडांवर तासन्‌तास बोलायचा, त्यांच्यासमोर बेंजो हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. ऑनलाइन टाकलेल्या गाण्याखाली ‘संगीत: विक्की ओव्हाळ’ असं लागलं.

थेरगावच्या कार्यक्रमाला त्याने वडिलांना बोलावलं नव्हतं. ते आपले आपण आले, जुने ढोलवाले दत्तोबा यांना बरोबर घेऊन, आणि पुढच्याच रांगेत बसले. पहिल्या चार सुरांनाच दत्तोबांनी मांडीवर थाप मारली.

“ज्योतीराम, आरं ही तर आपली सलामी!”

“ऐक की गुमान,” ज्योतीराम म्हणाले.

गाणं संपल्यावर निवेदिकेने विक्कीपुढे माइक धरला. “हा रिफ आला कुठून?” समोर वडील होते. बाजूला दिग्विजय होता. विक्की म्हणाला, “जुनं रॉक ऐकत मोठा झालोय. त्यातूनच आला असणार.”

टाळ्या पडल्या. ज्योतीरामांनीही वाजवल्या. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, “खालच्या तारंवर लई भारी वाटतंय ते.” त्यानंतर विक्कीने वडिलांबरोबर जेवायला बसणं टाळायला सुरुवात केली. शिफ्टचं कारण सांगायला सोपं असतं. आईने विचारलं, “तुमचं काय बिनसलंय का?” त्याने नकारार्थी मान हलवली. बिनसलं असतं तर बरं झालं असतं.

यंदा जयंतीला मंडळाने डीजे नको, बेंजो आणा असं ठरवलं. ज्योतीरामांनी पार्टी पुन्हा जमवली. जुन्यांपैकी दत्तोबा, बाकी नवी पोरं. विहारासमोर उभे राहून त्यांनी सलामी सुरू केली, आणि गर्दीतल्या मुली ओरडल्या, “काका, विक्कीदादाचं गाणं! जोरात!”

ऑक्टोपॅडवरचा सनी वाजवता वाजवता त्यांच्याकडे वाकला. “काय काका, पोराचं ढापलं व्हय?”

सगळे हसले. ज्योतीरामही हसले. “घरचंच हाय रं,” म्हणाले, आणि चाल अर्ध्यावर सोडून त्यांनी एक नेहमीचं गाणं धरलं.

विक्की पाण्याच्या स्टॉलवर उभा होता. त्याने हे सगळं ऐकलं. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, असं तो सांगतो. वडिलांनी शिव्या घातल्या असत्या तर त्या सोसता आल्या असत्या. त्यांनी स्वतःची चाल चोरीचा माल असल्यासारखी खाली ठेवून दिली होती.

तो टेम्पोवर चढला, माइक घेतला. “ही चाल माझी नाही. आप्पांची आहे. मी त्यांना न विचारता घेतली आणि स्वतःची म्हणून सांगितली.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. खालून शेजारच्या कस्तुराकाकू मोठ्याने म्हणाल्या, “बघा, याला म्हणतात संस्कार. एवढं नाव झालं तरी सगळं बापाच्या पायाशी ठेवतोय.”

“काकू, तसं नाही. खरंच त्यांची आहे.”

“हो रे बाळा, तुझं मोठेपण आहे.”

दत्तोबा ओरडून सांगत होते, “आरं, खरंच हाय त्याचं!” पण ढोल सुरू झाला होता. मंडळाच्या अध्यक्षांनी शाल आणली आणि ती विक्कीच्या खांद्यावर टाकली.

बँडमध्येही त्याने सांगितलं. योगिनी, त्यांची बेस गिटार वाजवणारी, म्हणाली, “आपण तुझ्या घरी येऊन चहा प्यायलोय. ते समोर बसले होते. तेव्हा तरी बोलायचंस.” गाण्याखालचं नाव त्याच दिवशी बदललं: ‘संगीत: ज्योतीराम ओव्हाळ’. त्याखाली लोक लिहू लागले, की वडिलांना अर्पण केलेलं गाणं, असा मुलगा प्रत्येकाला मिळो. विक्कीने सुरुवातीला प्रत्येकाला उत्तर दिलं. त्यालाही लोकांनी नम्रपणाच म्हटलं. मग त्याने उत्तरं देणं सोडलं.

बेंजो पार्टीला मात्र वराती मिळू लागल्या, आणि प्रत्येक वरातीत फर्माईश एकच: विक्कीचं गाणं.

परवाच्या गुरुवारी ज्योतीराम कॉटवर बेंजो मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी फोनवर ‘तिसरी पाळी’ चालू होतं. संत तुकाराम नगरला संध्याकाळी एका हळदीत त्यांच्या पार्टीला वाजवायचं होतं. विक्की तालमीला निघाला होता. त्यांनी त्याला हाक मारली.

“दुसऱ्या फेरीला तू मधी थांबतोस ना, तिथं लोक टाळी धरत्यात. माझा हात पुढं जातोय अन् समदा घोळ व्हतोय. किती थांबतोस, दाखव बरं.”

“आप्पा, तिथं थांबायचं नाहीच. तुमचं आहे तेच बरोबर आहे.”

“बरोबर आसंल. पर लोकास्नी तसं पटंल का? दाखव.”

“तुम्ही बांधलीय ती. तुमच्यासारखीच वाजवा ना.”

“आरं, वाजवणाऱ्यानं लोकांचं वाजवावं. टायम हुतोय, दाखव लवकर.”

विक्कीने गिटार पिशवीतून काढली नाही. तो कॉटच्या कडेला टेकला आणि हाताने ठेका देत, कुठे थांबायचं आणि कुठे परत उचलायचं ते दाखवलं. ज्योतीरामांनी डोळे मिटून ऐकलं, मग वाजवलं. पहिल्याच वेळी अचूक जमलं, फोनमधल्यासारखंच.

“आता तुझ्यासारखं आलं का?” त्यांनी विचारलं.

विक्की हो म्हणाला.