बाईंना माहीत नाही, सांगा

"सही करणार नाही म्हणजे? आठवडाभर मी काय भिंतीशी बोलत होते?"

"भिंतीशी नाही बाई, माझ्याशीच. आणि मी आठवडाभर नाहीच म्हणतेय."

शाळेच्या मोठ्या बाईंनी कागद पुन्हा तिच्याकडे सरकवला. तिने तो फडक्याच्या टोकाने परत ढकलला. टेबल पुसायला म्हणून ती आत आली होती, फडकं अजून हातातच होतं. कागदावर लिहिलं होतं की पहिलीतली अमुक मुलगी मंदगती असल्याने तिला वेगळ्या वर्गात बसवायला पालकांची हरकत नाही. अमुक मुलगी म्हणजे तिची नात. आई कारखान्यात, म्हणून पालक म्हणजे ही.

शाळेत तिला कुजबुजमावशी म्हणत. हजेरीपटावर ती सफाईची बाई, तीही दरवर्षी नव्याने नेमलेली. पण झाडलोट आटोपली की ती पहिलीच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसायची, टेकडीवरच्या वस्तीतल्या मुलांमध्ये. अशी बावीस वर्षं. शाळा उभी होती ती जमीन एकेकाळी त्या वस्तीचीच होती. पण हे आता फक्त वस्तीला आठवत होतं. शाळेच्या दर्शनी भिंतीवर सगळ्या समाजांची मुलं हातात हात घालून रंगवली होती. त्यातलं वस्तीचं मूल कोणतं, ते डोक्यातल्या पिसांवरून ओळखायचं. वस्तीत कुणी जन्मात पीस खोवलं नव्हतं. तसं तिने रंगाऱ्याला सांगूनही पाहिलं, तर तो म्हणाला, पिसं काढली तर कळणार कसं?

वस्तीत एक रीत होती. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे, ते दुसऱ्याला विचारायचं नाही. विचारलंच तर ती थट्टा, नाहीतर पाणउतारा. आणि एखाद्या मोठ्या माणसाकडून तसं झालं, तर आपण मान खाली घालून गप्प राहायचं, म्हणजे त्याची चूक झाकली जाते. शाळा तर सगळी अशाच प्रश्नांवर चाललेली. बाई झाडाचं पान उचलून विचारायच्या, हे काय आहे? मुलांना वाटायचं, एवढ्या थोर बाईला पान माहीत नाही असं होईल कसं? काहीतरी गडबड होतेय बिचारीची. मुलं माना खाली घालायची. बाई वहीत लिहायच्या, उत्तर येत नाही.

तिच्या स्वतःच्या लेकीला या गप्प बसण्यापायीच कोपऱ्यातल्या खोलीत मठ्ठ मुलांत टाकलं होतं. तिथे लेकीने चार वर्षं मणी ओवले. त्याच सुमारास हिने शाळेत झाडू धरला, आणि वर्गाच्या दारात केर गोळा करता करता एक दिवस तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लेकीच्या बाबतीत तोवर फार उशीर झाला होता. लेक आता कारखान्यात खोक्यांना चिकटपट्टी लावते आणि सुट्टीला घरी आली की सहज बोलून जाते, मी मुळातच मठ्ठ.

पुढच्या वर्षी ती मुलांत जाऊन बसली आणि त्यांच्या बोलीत कुजबुजली, "बाई लांबून आल्यात. त्यांना खरंच माहीत नाही. सांगा."

झालं. पोरांना बाईंची कीव आली. त्यांनी पान सांगितलं, झाड सांगितलं, झाडाखाली मुंगळ्यांचं बीळ कुठे आहे तेही सांगितलं. एक मुलगी तर मोठ्या बाईंचं बोट धरून अंगणात घेऊन गेली आणि सूर्य कुठून उगवतो ते दाखवून आली. निकाल सुधारला. मोठ्या बाईंचा सत्कार झाला. भाषणात त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला, 'आमची एक छोटीशी युक्ती' म्हणून. लोक पोट धरून हसले. कुजबुजमावशी तेव्हा मागे पेल्यांत पाणी भरत होती.

गेल्या महिन्यात वरून तपासनीस आले. एकेका मुलाला खोलीत घेऊन चित्रं दाखवायची, असा त्यांचा कार्यक्रम. खोलीत शिक्षकांखेरीज कोणी नको. तिला चहाला पिटाळलं. दारातून तिने मोठ्या बाईंकडे पाहिलं. साहेबांना वस्तीची रीत सांगणारं एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोलायचं तर सफाईवालीने बावीस वर्षं वर्ग बोलता ठेवला, हेही बोलावं लागलं असतं. मोठ्या बाई खिडकी लावून घ्यायला उठल्या. बारा मुलं मंदगती निघाली. बाराही वस्तीची.

बारा मुलं भरली तरच वेगळा वर्ग मंजूर होणार होता. अकरा घरांनी सह्या दिल्या. तुमच्या मुलांकडे जास्त लक्ष देऊ, असं त्यांना सांगितलं होतं. आता हिच्या एका सहीवर सगळं अडलं होतं. आणि त्या वर्गाला एक मदतनीस लागणार होती, कायमची.

"ती तूच असणार," मोठ्या बाई आवाज खाली आणत म्हणाल्या. "दरवर्षी दारात उभं राहायला नको. म्हातारपणाची सोय. अजून काय हवं तुला?"

"नात सगळ्या पोरांत बसायला हवी."

"तिला साधी उत्तरं येत नाहीत, मावशी."

"बोलवा तिला."

नात आली. मोठ्या बाईंनी हातातलं पेन उंच धरलं आणि हे काय म्हणून विचारलं. नातीने मान खाली घातली. मोठ्या बाईंनी भुवया उडवल्या. मावशी वाकली, नातीच्या कानाशी लागली. नातीने बाईंकडे अशा मायेने पाहिलं की जणू त्या आजारी आहेत.

"पेन," ती म्हणाली. "पण गळतंय ते. तुमच्या बोटाला शाई लागलीय, आणि आता गालालाही."

मोठ्या बाईंना हसू आलं. गाल पुसत त्या म्हणाल्या, "बघ, म्हणजे तिला तू लागतेस. मग तिच्याच वर्गावर ये की. मी दुसरं काय सांगतेय?"

मावशीच्या ध्यानात आलं. आपणच पुरावा आणून हातात दिला.

"त्या दिवशी साहेबांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आधी तुला काढलं असतं. वर्गात सफाईवाली बसवली म्हणून. तुझ्यासाठीच तोंड शिवून बसले."

यात थोडं खरंही असावं. तेच जास्त झोंबलं.

मग मोठ्या बाईंनी आवाज चढवला. सही नाही तर नाही, म्हणाल्या. वर्ग बुडेल, मुलं आहेत तिथेच राहतील. पण तुझी नेमणूक महिनाअखेर संपते, आणि नवी मी पाठवणार नाही.

तिने फडक्याची घडी घातली आणि कागदावर ठेवली.

"थांब," मोठ्या बाई म्हणाल्या. "एवढं सांगून जा. तू गेल्यावर पुढच्या वर्षी ही पोरं बोलणार कशी?"

उत्तर तिला ठाऊक होतं. बाईंनाही ठाऊक होतं. नात तोंड वर करून आजीच्या कुजबुजण्याची वाट पाहत राहिली. आजीने मान खाली घातली, नातीचं बोट धरलं आणि ती बाहेर पडली.