ट्रकखालची वीज

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी शेलार गावच्या गणपतकाकांचं नाव घेतो. काका भिवंडीच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. चालत्या लूमवर ते तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगायचे. अक्षरं जुळवून जेमतेम वाचणाऱ्या काकांना मालक डॉक्टर म्हणायचा. "डॉक्टर फी घेतो, मी शिव्या खातो," हे काकांचं ठरलेलं उत्तर.

आमच्या घरातून इंजिनिअरिंगला गेलेला मी पहिलाच. शेवटच्या वर्षी मी प्रकल्प घेतला, गाड्यांच्या दाबातून वीज. दाब पडला की वीज देणाऱ्या, वर ठिसूळ थर असलेल्या पितळी चकत्या लोखंडी पत्र्याखाली बसवायच्या आणि पत्रा रस्त्यात. पहिल्याच टेम्पोखाली माझ्या सगळ्या चकत्या फुटल्या. शेजारी म्हणून काका बघायला आले. लूमच्या पायाखाली घालतात तसलं रबर कापून त्यांनी प्रत्येक नव्या चकतीखाली बसवलं. "दबली पायजे, फुटली न्हाय पायजे. पापड हाय का ती?"

पूर्णा गावच्या एका गोदामाच्या फाटकात आम्ही तो पत्रा ठेवला. भरलेला ट्रक वरून गेला आणि चार बारके दिवे लुकलुकले. काका रस्त्यातच उकिडवे बसले. त्या वर्षांत भिवंडीत लोडशेडिंग जोरात होतं. तासन्तास लूम बंद, कामगार दारात बसलेले. काकांनी हळूच विचारलं, "असं लय पत्रं टाकलं तर लूम चालंल का रं?"

मी गणित आधीच केलं होतं. लूम सोडाच, पंखासुद्धा फिरणार नव्हता. पण अजून दोन पत्रे करायचे होते आणि परीक्षा आठवड्यावर आली होती.

"चालेल ना, काका," मी म्हणालो.

मला पहिला वर्ग मिळाला, पुण्यात नोकरी लागली. काका मात्र दर रविवारी फाटकात नवा पत्रा बसवत राहिले. फोनवर सांगायचे, आज दहा दिवे लागले, आज बारा. लूमला किती पत्रे लागतील, एवढंच विचारायचे. मी विषय बदलायचो. तिसऱ्या वर्षी आईकडून कळलं की याच कामासाठी त्यांनी कारखाना सोडला. त्या दिवशी मी पत्र लिहिलं. त्याला उत्तर कधीच आलं नाही.

ती. गणपतकाकांना नमस्कार.

काका, पत्र्यांवर लूम चालणार नाही. कितीही टाकले तरी नाही. तुमच्या कामात खोट नाही. चाकाच्या दाबातून निघते तीच वीज फार थोडी. हे मला त्या दिवशी फाटकातच माहीत होतं. मला तुमच्याकडून पत्रे करून घ्यायचे होते, म्हणून मी खोटं बोललो. मालकाशी मी बोललो आहे, तो तुम्हाला परत घ्यायला तयार आहे. हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका. तुम्हाला एकट्याला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.