करपरेच्या पुरातला दिवा

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन वर्ष व्हायला आलं होतं, तेव्हा आमच्या सेक्शनला बोरीला पाठवलं. जिंतूर तालुक्यातलं हे मोठं गाव. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये आम्ही दहा जण, एक वायरलेस सेट आणि एक जीप. मी ड्रायव्हर. मूळचा परभणीजवळच्या पिंगळीचा. महायुद्धाच्या काळात घरी न सांगता नगरला जाऊन भरती झालो, आणि आता खाकी घालून माझ्याच जिल्ह्यात परत आलो होतो. रस्ते माहीत, उर्दू येतं, म्हणून मला मागून घेतलं होतं.

काम साधं होतं. पहाटे पाचला उठायचं, सहाला पीटी, दिवसाआड जिंतूर रोडवर गस्त, आठवड्यातून दोनदा परभणीहून रेशन आणि डाक. हवालदार जाधव आमचे कमांडर. त्यांच्या हाताखाली नाईक गोविंद मयेकर, मालवणकडचा, खाडीकाठी वाढलेला. वय सव्वीस. बोलणं कमी, हात सतत कामात. गावाबाहेरून करपरा वाहते. पहिल्या दिवशी तिचं घोटाभर पाणी बघून तो म्हणाला, "ह्याला तुम्ही नदी म्हणता?" मी म्हणालो, "परतीच्या पावसात बघ, मग सांग."

जीप लढाईतून आलेली. स्टिअरिंग डाव्या हाताला, बॅटरी सहा व्होल्टची. हेडलाइटांवर ब्लॅकआउटच्या वेळचा काळा रंग कुणीतरी खरवडला होता, पण आतली चकाकी गंजून गेली होती. उजेड वीस पावलं, त्यापुढे आंधळेपणा.

एकदा दिवेलागणीला परभणीहून परतत होतो. शेजारी मयेकर. बोरी दोन मैलांवर असताना चाकाला धक्का बसला. ब्रेक मारला. रस्त्यावर मेंढरं बसली होती. एक मेंढी चाकाखाली गेली होती. खाली उतरलो तेव्हा दिसलं, चाकापासून हातभर अंतरावर घोंगडी पांघरून एक म्हातारी झोपली होती. ती उठून बसली. आधी मेंढीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बाबा, तुला दिसंना का रं?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मयेकरने मेंढी बाजूला उचलून ठेवली. शेडसमोर उतरताना तो म्हणाला, "दिवे लावून घ्यायचे."

हवालदार साहेबांनी ऐकून घेतलं. "सरकारी गाडी आहे. लावा. पण एकही भोक पाडायचं नाही."

परभणीत मोटारींच्या विजेचं काम जाणणारा एकच माणूस होता, हुसेन मिस्त्री. त्याचं दुकान वर्षभर बंद होतं. रझाकारांवरचा राग त्या वर्षात कुणाकुणावर निघाला होता ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही घरी गेलो. दारावर थाप मारली. कडी निघायला वेळ लागला. दार उघडलं तेव्हा मिस्त्रीचे दोन्ही हात वर होते.

"मैं कुछ नै किया, साब."

मागे त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. मयेकरने खांद्यावरची रायफल उतरवली आणि बाहेर जीपमध्ये ठेवून आला. मग मला म्हणाला, "सांग त्याला, कशाला आलो ते."

मी म्हणालो, "मिस्त्री, जीपला दिवे बसवायचे हायत. जास्तीचे. तुमी बसवता का?"

"दिवे?" हात हळूहळू खाली आले. "दिवेच ना, साब?"

"दिवेच."

तो उंबऱ्यावर बसला. थोड्या वेळाने बायकोने पाण्याचे दोन तांबे आणून ठेवले.

काम दोन दिवस चाललं. दिवे एका भंगार मोटारीचे, पितळी, थाळीएवढे. आतले बल्ब बारा व्होल्टचे होते. आमच्या बॅटरीवर ते नुसते लाल व्हायचे. मिस्त्रीने कुठून तरी सहा व्होल्टचे शोधून आणले. एक दिवा बंपरवर खाली, जवळची वाट दाखवायला. दुसरा काचेच्या चौकटीला, ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी, वाटेल तिकडं फिरणारा. भोक कुठंच नाही. लोखंडी पट्ट्या वाकवून आवळल्या. जाड वायर टाकली, जिथं पत्र्याला घासेल तिथं रबर गुंडाळलं. दोन्ही दिव्यांना वेगळं बटण.

जाताना त्याने मला बजावलं. "ड्रायवर साब, गाडी उभी करून दिवा लावला तर इंजन रेस ठेवायचं. न्हाई तर बॅटरी उतरती, दिवा मरतोय. लय ध्यान ठेवा."

पुढच्या आठवड्यात त्याने दुकान उघडलं. त्याच्या घराच्या दारात आमची जीप दोन दिवस उभी होती, ते सगळ्या बाजाराने पाहिलं होतं.

दसरा झाला आणि परतीचा पाऊस आला. दोन दिवस वर जिंतूरकडं कोसळत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा चाळीसला गावचा कोतवाल धापा टाकत शेडमध्ये आला.

"साहेब, नदीतल्या बेटावर धनगराची मानसं अडकल्यात. पानी चढायलाय."

चौघे निघालो. हवालदार साहेब, मयेकर, वायरलेस सेट घेऊन सिपाही काळे आणि मी. सात वाजता काठावर होतो. अंधार पडला होता. नदी साठ-सत्तर पावलं रुंद झाली होती आणि आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. मी जीपचं तोंड नदीकडं केलं आणि फिरता दिवा लावला. बेट म्हणजे आता खाटेएवढी जागा उरली होती. एक करंजाचं झाड. त्याला धरून एक म्हातारा, एक तरणा गडी आणि पाठीशी लेकरू बांधलेली बाई. मेंढरं केव्हाच गेली होती.

मयेकरने बूट काढले. दोरीचं एक टोक बंपरला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला. माझ्याजवळ आला.

"दिवा माझ्यावर धरू नको. दोरीवर धर. लोकांना दोरी दिसली पाहिजे."

वरच्या अंगाला शंभर पावलं चालत जाऊन तो पाण्यात शिरला. तिरकं पोहत बेटाला लागला. कमरेची दोरी सोडून झाडाला आवळली. सात वीसला म्हाताऱ्याला घेऊन परत आला. काठावर छातीभर पाण्यात हवालदार साहेब उभे होते, त्यांनी म्हाताऱ्याला ओढून घेतलं. मयेकर दम न खाता परत गेला.

आता बाई. ती दोरी धरून पुढे, तो तिच्या वरच्या अंगाला, एक हात दोरीवर, एक तिच्या खांद्यावर. माझा पाय रेसवर होता, हात दिव्यावर. अर्ध्यात आले होते. उजेडात मला बाभळीचं अख्खं झाड दिसलं, मुळांसकट, फिरत येत होतं. मी ओरडलो. ते त्याला ऐकू गेलं नसावं, पण त्याने ते पाहिलं. त्याने दोरी सोडली. दोन्ही हातांनी आणि छातीने तो त्या झाडाला भिडला आणि त्याला बाईपासून बाहेर लोटलं. झाड वळलं. दोरीला घासून पुढे गेलं. तो त्याच्याबरोबर गेला.

अंधारातून एकदाच आवाज आला. "धर!"

ते तिला होतं की मला, मला आजही माहीत नाही.

लांब पोचणारा दिवा एकच होता. बंपरवरच्याचा उजेड काठापुरताच. फिरता दिवा खाली नदीच्या अंगाला वळवला असता तर कदाचित तो दिसला असता. पण बाई मध्यात होती, दोरी हलत होती, पाठीवर लेकरू रडत होतं. मी दिवा हलवला नाही. ती एकेक हात पुढे सरकत होती. मिनिट-दीड मिनिट लागलं असेल. हवालदार साहेबांच्या हातात तिचं मनगट आलं, तेव्हा मी दिवा फिरवला. नुसतं पाणी.

मी पाच मिनिटं शोधत राहिलो. मग हवालदार साहेब जीपजवळ आले. अंगातून पाणी गळत होतं. बेटावर अजून तो तरणा गडी होता.

"दिवा परत दोरीवर घे."

"साहेब, मयेकर…"

"घे."

मी घेतला. तो गडी एकटा दोरीने आला. काळेने सेट लावला.

"हॅलो एबल, एबल वन बोलतोय. चार सिव्हिलियन सुखरूप. एक जवान बेपत्ता. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

"नाईक मयेकर. ओव्हर."

"रॉजर. शोध चालू ठेवा."

सकाळी साडेनऊला तो सापडला, दोन मैल खाली, वाळूवर. सगळी बोरी आली होती. त्या म्हाताऱ्याने अंगावरचं एकुलतं घोंगडं त्याच्यावर घातलं आणि काढू दिलं नाही. लाकडं गावाने दिली. दुपारी परभणीहून हुसेन मिस्त्री आला. त्याने लांबूनच हात जोडले आणि कबरीवर टाकतात तशी मूठभर माती चितेजवळ टाकून गेला.

चौकशी झाली. दिवे कुणी लावले, विचारलं गेलं. दिवा वळवला का नाही, ते कुणी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात त्याचं सामान घेऊन मी मालवणकडं गेलो. एक ट्रंक, एक घड्याळ, पत्रांचा गठ्ठा. आई नव्हती. घरात म्हातारे वडील एकटे. जन्मभर होडी चालवलेला माणूस. मी सगळं सांगितलं, दिव्याचंही. त्यांनी मध्ये दोनच गोष्टी विचारल्या.

"पाण्याक ओढ किती होती?"

मी सांगितलं.

"आणि दिवो खंय होतो?"

"बाईवर. अन् तिच्या लेकरावर."

ते उठले, आत गेले. "आता जेवन जा," आतून म्हणाले.

त्यांनी स्वतः वाढलं. भात आणि माशाचं कालवण. मी परभणीकडचा माणूस, मला काटे काढता येईनात. घास तोंडात घोळवत बसलो. त्यांनी ते पाहिलं. माझ्या ताटातला मासा स्वतःच्या पुढे ओढला, बोटांनी चाचपून एकेक काटा काढला, आणि साफ केलेला तुकडा माझ्या भातावर ठेवला. पुन्हा दुसरा. जेवण होईपर्यंत ते काटे काढत राहिले. स्वतः जेवले नाहीत.